यजमानपण दुसऱ्याच्या हाती : मोठ्या हॉटेलातल्या खास जेवणाचे विवेचन

लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, वडिलांची एकसष्टी, मुलीचा पहिला पगार, नोकरीतून निवृत्ती. अशा प्रसंगी मोठ्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये टेबल राखून ठेवायचे, ही रीत मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय मराठी घरांत आता चांगली रुळली आहे. दोन पिढ्यांपूर्वी याच निमित्ताने घरी आचारी येई, नाहीतर घरातल्या बायका पहाटेपासून पदर खोचून राबत. हा बदल ऐपत वाढल्यामुळे झाला असे सहसा सांगितले जाते. ते कारण मला अपुरे वाटते. हाती पैसा असेल तर त्याच पैशात घरी उत्तम स्वयंपाक करवून घेता येतो, आणि चवीच्या बाबतीत तो पुष्कळदा हॉटेलवर मात करतो. तरीही माणसे घर सोडून तिकडे जातात, कितीतरी पट पैसे मोजतात आणि बहुधा समाधानाने परततात. तेव्हा त्या जेवणात नेमके काय विकत घेतले जाते, याचा नीट विचार करायला हवा.

आधी विषयाची हद्द आखून घेऊ. कंपनीच्या खर्चाने होणारे जेवण, परिषदेतला बुफे, प्रवासात मुक्काम आहे म्हणून घेतलेले जेवण, यांतले काहीही येथे अभिप्रेत नाही. खास जेवणाचा दिवस आणि निमित्त आधी ठरलेले असते, बोलावणारा एक असतो आणि बिल तोच भरतो; मात्र रांधण्या-वाढण्याचे काम त्याच्याकडे नसते. या शेवटच्या लक्षणात सगळे मर्म आहे. माझे प्रतिपादन असे की, अशा जेवणात यजमान आपले यजमानपण काही तासांसाठी दुसऱ्याच्या हाती सोपवतो आणि स्वतःच्याच मेजवानीत पाहुणा होऊन बसतो. किंमत मोजली जाते ती मुख्यतः या सोपवण्याची. ते किती सोपवता येते आणि कुठे अडते हे पाहिले, की असे एखादे जेवण का रंगते आणि दुसरे का फसते, याचाही उलगडा होतो.

पंगतीतला यजमान

पंगतीत यजमान बसत नाही. तो तुपाचे भांडे घेऊन रांगेतून फिरतो, कोणाच्या पानात काय संपले ते टिपतो, व्याह्यांच्या पानाकडे जरा अधिक निगुतीने पाहतो, ‘सावकाश होऊ द्या’ म्हणतो आणि नको नको म्हणणाऱ्याच्या पानात एक जिलबी वाढतोच. पानावरच्या जागादेखील ठरलेल्या: मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे, मध्ये भाताची मूद, तिच्यावर वरण आणि तूप. त्यामुळे वाढणारा नवखा असला तरी चुकत नाही, आणि कोणत्या पानात काय उणे आहे ते यजमानाला एका नजरेत कळते. सेवापद्धती म्हणून पंगत अत्यंत विचारपूर्वक घडलेली आहे.

तिच्या दोन बाजू मात्र झाकून चालणार नाही. कोण कोणाच्या पंगतीला बसणार हे जातीने ठरे. आणि घरातली बाई शेवटच्या पंगतीला बसे. तोवर मसालेभात गार झालेला, कोशिंबिरीला पाणी सुटलेले, जिलब्यांचा चुरा उरलेला. लग्नाचा वाढदिवस तिचा असला तरी क्रम हाच. पंगतीविषयी हळवे होऊन लिहिणारे ही गोष्ट सहसा गाळतात. मला ती या विषयाच्या केंद्रस्थानी वाटते. हॉटेलातल्या टेबलाशी तीच बाई सगळ्यांच्या बरोबरीने बसते, गरम अन्न खाते, आणि मध्येच उठून ‘पोळी टाकते’ म्हणत आत जात नाही. बिलातला मोठा वाटा येथेच वसूल होतो.

यजमानपण सोपवण्याचा आणखी एक उपयोग मुंबईच्या ताजमहाल हॉटेलातल्या ‘सी लाउंज’ने दाखवून दिला. पहिल्या मजल्यावरच्या, खिडक्यांतून बंदर दिसणाऱ्या त्या दालनात पारशी आणि गुजराती कुटुंबांनी स्थळे पाहण्याची प्रथा पिढ्यान्पिढ्या चालवली. आपल्याकडच्या कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाशी ती ताडून पाहावी. मुलीच्या घरी बैठक झाली की मुलीकडचे यजमान आणि मुलाकडचे पाहुणे ठरतात. मुलीने ट्रे घेऊन बाहेर यायचे, पाहुण्यांनी पोह्यांच्या चवीवरून, पडद्यांवरून, बाथरूमच्या फरश्यांवरूनही मत बनवायचे. हॉटेलात ट्रे स्टुअर्ड आणतो. दोन्ही कुटुंबे सारखीच पाहुणी असतात, मुलगा-मुलगी एकाच उंचीच्या खुर्च्यांवर बसतात, आणि नकार द्यायचा झाला तर तो कुणाच्या घरचे अन्न खाऊन द्यावा लागत नाही. तेथे चहा आणि सँडविच दुय्यम. दोघांपैकी कोणीच यजमान नाही, याचे पैसे दिले जातात.

ही व्यवस्था आली कोठून

हॉटेलात मुद्दाम चांगले जेवायला जाणे, ही कल्पना युरोपातही फार जुनी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या बऱ्याच काळात हॉटेलातले जेवण म्हणजे ठरलेल्या वेळी मुक्कामी माणसांनी एका लांब टेबलाशी बसून, जे शिजले असेल ते खाणे. लंडनमध्ये मेजवान्या बड्या घरांत होत, आणि प्रतिष्ठित घरातली स्त्री सार्वजनिक ठिकाणी जेवताना सहसा दिसत नसे. १८८९ मध्ये ‘सॅव्हॉय’ हॉटेल उघडले. त्यानंतर लवकरच सेझार रिट्झ तेथे व्यवस्थापक म्हणून आणि ऑग्युस्त एस्कॉफिए मुख्य आचारी म्हणून आले. रिट्झने दालनातला प्रकाश, फुले, संगीत, रात्रीचा ठरावीक पोशाख यांची अशी बसवणूक केली, की तेथे दिसणे स्त्रियांना कमीपणाचे वाटेनासे झाले. बड्या घरांच्या यजमानिणी आपल्या मेजवान्या उचलून सॅव्हॉयमध्ये नेऊ लागल्या. म्हणजे पंगतीच्या बाबतीत आपण जो मुद्दा पाहिला, त्याचेच हे लंडनमधले रूप.

एस्कॉफिएने स्वयंपाकघर बदलले. त्याआधी एकेक विभाग आपापला पदार्थ पहिल्यापासून शेवटपर्यंत करी. एस्कॉफिएने पदार्थच वाटून टाकला. याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण ‘मेयरबेअर’ अंड्यांचे आहे. अंडी एका विभागात लोण्यावर शिजत, त्यांच्याबरोबरचा मेंढीचा गुर्दा भाजण्याच्या विभागात होई, आणि ट्रफलचा सॉस सॉसच्या विभागात. एकट्या आचाऱ्याला ज्याला पंधरा मिनिटे लागत, ती बशी काही मिनिटांत तयार होई. मोठ्या हॉटेलातल्या स्वयंपाकघराची उतरंड, एक्झिक्युटिव्ह शेफपासून सू शेफ, शेफ द पार्ती आणि कॉमीपर्यंत, आजही याच वाटणीवर उभी आहे. एस्कॉफिएचा ‘ल गीद क्युलिनेर’ हा ग्रंथ १९०३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी १६ डिसेंबरला जमशेटजी टाटांचे ताजमहाल हॉटेल मुंबईत उघडले. समोरचे गेटवे ऑफ इंडिया पुरे व्हायला अजून वीसेक वर्षे होती.

मुंबईच्या या फ्रेंच वळणाच्या स्वयंपाकघरांत हात मात्र मोठ्या प्रमाणावर गोव्याचे होते. गोव्यातल्या ख्रिस्ती आचाऱ्याला गाय-डुकराच्या मांसाचा विटाळ नव्हता. पाव, व्हिनेगर, वाइन ही त्याच्या घरचीच सामग्री होती. गावात पुरेसा रोजगार नसल्यामुळे बोटीवर किंवा मुंबईत नोकरी धरणे हा तिथला मळलेला मार्ग होता. मिगेल आर्कांजो मस्करेन्हस हे गोव्याचे शेफ ताजच्या स्वयंपाकघराच्या प्रमुखपदापर्यंत पोचले. ‘मास्की’ या नावाने धंद्यातली माणसे त्यांना ओळखत. हॉटेलांचा इतिहास लिहिताना मालकांची नावे न चुकता येतात. या आचाऱ्यांची नावेही तितक्याच आदराने यायला हवीत.

स्वातंत्र्यानंतर हे काम शिकवण्याची सोय झाली. लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय महिला केंद्रीय अन्न परिषदेने १९५४ मध्ये मुंबईत हॉटेल मॅनेजमेंटची देशातली पहिली संस्था काढली. आज ती दादरला आहे. घरातल्या बाईकडून गृहीत धरलेले वाढणे-पाहणे हे शिकण्याचे, परीक्षा देण्याचे आणि पगार मिळवण्याचे काम आहे, ही मान्यता एका महिला संघटनेच्या हातून मिळाली. मला हे फार मोलाचे वाटते.

टेबलामागचे काम

संध्याकाळची सेवा सुरू होण्याआधी रेस्टॉरंटमध्ये ब्रीफिंग होते. मॅनेजर रात्रीची आरक्षणे वाचून दाखवतो: सात नंबरला आठ कव्हर, म्हणजे आठ जण, लग्नाचा वाढदिवस, एकाला शेंगदाण्याची ॲलर्जी, एक आजी कांदा-लसूण खात नाहीत. शेफ सांगतो की आज कोणता मासा आला आहे आणि मेनूतले काय मिळणार नाही. टेबल राखताना फोनवर दिलेली माहिती या ब्रीफिंगपर्यंत पोचली तर तिचे सोने होते. तीच गोष्ट बसल्यावर सांगितली, तर गर्दीच्या वेळी स्वयंपाकघराला घाईने मार्ग काढावा लागतो.

आठ माणसांनी आठ वेगळे पदार्थ मागवले, तरी स्टुअर्ड ‘मासा कुणाचा?’ असे न विचारता प्रत्येकापुढे बरोबर पान ठेवतो. पाहुण्यांना हे स्मरणशक्तीचे काम वाटते. खरे तर प्रत्येक टेबलाची एक खुर्ची ‘एक नंबर’ ठरवलेली असते. दार किंवा एखादा खांब अशा खुणेवरून ती ठरते, आणि तिथून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पुढचे आकडे मोजले जातात. ऑर्डर घेताना कॅप्टन, म्हणजे टेबलांची जबाबदारी असलेला वरिष्ठ स्टुअर्ड, पदार्थापुढे खुर्चीचा आकडा टाकतो. तोच आकडा केओटीवर, म्हणजे स्वयंपाकघराला जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, उमटून स्वयंपाकघरात जातो आणि पानाबरोबर परत येतो. पदार्थ येण्याआधी दुसरा एक स्टुअर्ड येऊन मासा मागवणाऱ्यापुढे माशाची सुरी आणि सूप मागवणाऱ्यापुढे सुपाचा चमचा ठेवून गेलेला असतो. तोही त्याच आकड्यांवरून. जेवणाच्या मध्यात दोघांनी खुर्च्या बदलल्या, तर ही सगळी साखळी तुटते. तेवढे टाळलेले बरे.

याहून अवघड गणित वेळेचे. कोणी मासा मागवला, कोणी लॅम्ब चॉप्स, कोणी रिसोटो. मासा आठ-दहा मिनिटांत होतो, चॉप्स भाजल्यावर काही मिनिटे विसावू द्यावे लागतात, रिसोटोला अठरा-वीस मिनिटे लागतात. सगळी पाने एकाच क्षणी पुढ्यात यायची, म्हणून ज्याला जास्त वेळ लागतो ते आधी चढवायचे आणि उलट मोजत यायचे. पण मोजणी सुरू कधी करायची? स्वयंपाकघराला टेबल दिसत नाही, ते कॅप्टनला दिसते. सात जणांचे सूप संपले आहे आणि आजोबांचे अर्धेच झाले आहे. मुलगी काहीतरी सांगते आहे आणि सगळे तिच्याकडे पाहत आहेत. तो थांबतो. आजोबांचा चमचा वाडग्यात टेकला की तो आत जाऊन ‘सात नंबर फायर’, म्हणजे पुढचे पदार्थ चढवा, असे सांगतो. त्यानंतर मागे फिरता येत नाही. तयार पाने स्वयंपाकघर आणि दालन यांच्या मधल्या कट्ट्यावर, म्हणजे ‘पास’वर येतात. शेफ प्रत्येक पानाची कड पुसतो आणि दोन-तीन स्टुअर्ड ती एकदम उचलतात. नेमक्या त्याच वेळी तिघे फोटो काढायला लॉबीत गेलेले असले, तर वीस मिनिटांचे काम दिव्याच्या उष्णतेखाली वाळत पडते. असे जेवण नीरस लागले, तर त्यात स्वयंपाक्याचा दोष नसतो.

पंगत आणि हे टेबल यांत लक्ष देण्याची तऱ्हाच वेगळी आहे. पंगतीत लक्ष हे आग्रहातून दिसते: पुन्हा विचारणे, पुन्हा वाढणे. हॉटेलात ते न विचारण्यातून दिसावे लागते. पाण्याचा ग्लास मागण्याआधी भरलेला, पडलेला नॅपकिन दिसण्याआधी बदललेला, गप्पा चालू असताना कुणीही मध्ये न बोललेले. आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना म्हणूनच हे जेवण कोरडे वाटते. ‘कुणी हवं-नको विचारलंसुद्धा नाही’ ही त्यांची तक्रार ऐकू येते आणि ती खरी असते, कारण त्यांना समजणाऱ्या भाषेतले आदरातिथ्य तेथे झालेले नसते. चांगला कॅप्टन हे ओळखतो. तो आजींपाशी किंचित वाकून ‘आजी, अजून थोडा भात आणू?’ असे मराठीत विचारतो, आणि त्या टेबलाची रात्र तिथेच सुधारते.

बिलात काय काय असते

रेस्टॉरंटच्या धंद्यात कच्च्या मालाचा खर्च पदार्थाच्या किमतीच्या साधारण चौथाई ते तिहाई असावा असा ठोकताळा आहे. उरलेल्यात पगार, जागा, वीज, फुले, कापडाची धुलाई, फुटलेल्या काचा आणि नफा. म्हणून ‘एवढ्याशा डाळीचे एवढे पैसे?’ हा प्रश्न चुकीच्या टोकाने सुरू होतो. दिल्लीच्या आयटीसी मौर्य हॉटेलातल्या ‘बुखारा’ची डाळ घ्या. अख्खे काळे उडीद, टोमॅटो, लोणी, साय. यांतले काही दुर्मीळ नाही. पण ती रात्रभर मंद आचेवर शिजते, कोणी तरी ती रात्रभर पाहतो, आणि दशकानुदशके तिची चव ढळू दिली जात नाही. पैसे त्या जागणाऱ्या माणसाचे आणि त्या सातत्याचे आहेत.

ताजमधले ‘झोडिॲक ग्रिल’ आता बंद झाले आहे. त्याच्या आरंभीच्या काळात मेनूवर किमतीच नव्हत्या. पाहुण्याने आपल्याला योग्य वाटेल ते द्यायचे. हा प्रयोग कायमचा टिकण्यासारखा नव्हता, पण त्याने एक गोष्ट उघड केली: या जेवणाची किंमत पदार्थांच्या बेरजेतून निघत नाही, हे हॉटेलवाल्यांनाही ठाऊक होते.

मेनूवरच्या किमतीशी यजमानपणाचा आणखी एक धागा जोडलेला आहे. जुन्या उंची रेस्टॉरंटांत किमती लिहिलेला मेनू फक्त यजमानाला देत आणि पाहुण्यांना किमती नसलेला. यात पाहुण्याची अडचण टाळण्याचा चांगला हेतू होता. पण यजमान म्हणजे पुरुष हे गृहीत होते. १९८० मध्ये लॉस एंजेलिसच्या ‘लोरांजरी’त एका बाईने आपल्या व्यवसायातल्या भागीदाराला जेवायला नेले. तिला बिनकिमतीचा मेनू मिळाला आणि तिच्या पाहुण्याला किमतीचा. तिने दावा ठोकला आणि रेस्टॉरंटला ती रीत सोडावी लागली. आपल्याकडे बिलाचे फोल्डर आजही न विचारता टेबलावरच्या सर्वांत वयस्क पुरुषापुढे ठेवले जाते. पहिल्या पगाराचे जेवण देणाऱ्या मुलीसाठी तो क्षण फार महत्त्वाचा असतो. टेबल कोणाच्या नावे आहे हे पाहून फोल्डर ठेवणे मुळीच अवघड नाही.

करांचा हिशेब थोडक्यात. ज्या हॉटेलात आधीच्या आर्थिक वर्षात एखाद्या खोलीचे दिवसाचे भाडे ७,५०० रुपयांहून अधिक आकारले गेले, त्याच्या आवारातल्या रेस्टॉरंटच्या जेवणावर १८ टक्के जीएसटी लागतो. एरवीच्या स्वतंत्र रेस्टॉरंटमध्ये ५ टक्के. मद्य जीएसटीच्या बाहेर आहे. आठ जणांचे खाणे २४,००० रुपयांचे झाले, तर हॉटेलात करासह २८,३२० होतात, बाहेर २५,२००. हॉटेलने १० टक्के सेवाशुल्क जोडले, तर त्यावरही कर लागून आकडा ३१,१५२ वर जातो. हे सेवाशुल्क ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी ते बिलात आपोआप जोडण्यास मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ती उचलून धरली. सेवा आवडली असेल तर माझे मत असे की सेवाशुल्क काढून घ्यायला सांगावे आणि तेवढेच पैसे, जमल्यास अधिक, बक्षीस म्हणून द्यावेत.

थाळी आणि कोर्स

मराठी माणूस मराठी प्रसंगासाठी हॉटेलात जातो आणि जेवतो मात्र इटालियन, चिनी नाहीतर पंजाबी. मोठ्या हॉटेलांत मराठी जेवण भेटते ते बहुतेक वेळा एखाद्या सप्ताहाच्या ‘महाराष्ट्रीय फूड फेस्टिव्हल’मध्ये, बुफेच्या तापत्या भांड्यांत. याचे कारण सांगताना मराठी पदार्थ ‘घरगुती’ आहेत असे म्हटले जाते. ते मला पटत नाही. पंजाबी डाळही घरगुतीच होती.

खरी अडचण रचनेची आहे. थाळी जागेवर रचलेली असते, कोर्स वेळेवर रचलेले असतात. थाळीत आंबट, गोड, तिखट एकाच वेळी समोर असते आणि क्रम जेवणारा लावतो. कोर्समध्ये क्रम स्वयंपाकघर लावते. हॉटेलची सगळी यंत्रणा, खुर्च्यांचे आकडे, फायर, पास, ही वेळेच्या रचनेसाठी बेतलेली आहे. परंतु ही काही अटळ गोष्ट नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत फ्रेंच मेजवानीतही कितीतरी पदार्थ एकदम टेबलावर मांडले जात आणि माणसे हाताला येईल ते घेत. पॅरिसमधले रशियाचे राजदूत कुराकिन यांच्या मेजवान्यांतून एकामागून एक पाने आणण्याची रशियन पद्धत तिथे आली, असे मानले जाते, आणि ती रुळायला त्या शतकाचा मोठा भाग गेला. फ्रेंचांना जे जमले, ते आपल्याला न जमण्याचे कारण नाही.

शिवाय पंगतीतही वेळेचा क्रम होताच. आधी वरणभात, मग पोळी आणि पक्वान्न, मग मसालेभात, शेवटी ताकभात किंवा मठ्ठा. कोल्हापूरकडे रश्शाने सुरुवात करता येते, किनाऱ्याकडे सोलकढीने शेवट. या टप्प्यांना धरून जेवण बसवता येईल. आंबेमोहोराचा मऊ भात, त्यावर साधे वरण आणि लोणकढे तूप, एवढेच छोट्या वाडग्यात पहिले पान म्हणून आले, तर त्या सुगंधापुढे कुठल्याही आयात केलेल्या सुरुवातीची मातब्बरी नाही. तांदळाची भाकरी तव्यावरून उतरल्यावर मिनिटाभरात खायची असते. जी व्यवस्था सूफ्ले बसण्याआधी टेबलावर पोचवते, तिला फुगलेली भाकरी पोचवणे अवघड नाही. आणि हाताने खाणे उंची रेस्टॉरंटमध्ये शोभत नाही ही शंका ‘बुखारा’ने कधीच निकालात काढली आहे, तिथे पाहुण्यांना एप्रन बांधून हाताने खायला बसवतात, त्यांत परदेशी राष्ट्रप्रमुखही आले.

किनारपट्टीच्या जेवणाने ही वाट थोडी चालून दाखवली आहे. बंगळुरूचे ‘करावळी’ १९९० पासून ते मानाने वाढत आहे. मुंबईत कफ परेडच्या प्रेसिडेंट हॉटेलातल्या ‘कोकण कॅफे’त आनंद सॉलोमन यांनी कोकण आणि त्याखालच्या किनाऱ्यावरचे घरगुती पदार्थ पंचतारांकित टेबलावर आणले. विदर्भ, खानदेश, मराठवाडा, देश मात्र अजून वाट पाहत आहेत. वांग्याचे भरीत, पाटवडीचा रस्सा, मांडे यांच्यात कौशल्य कमी नाही. मांडा हाताच्या तळव्यांवर फिरवत पातळ करून उपड्या खापरावर टाकणे पाहुण्यांसमोर व्हावे, इतके ते देखणे काम आहे. यात पुढाकार शेफने घ्यायचा की गिऱ्हाइकाने, हा वाद निष्फळ आहे; मागणी नोंदवली गेली नाही तर मेनू बदलत नाही.

काय सोपवता येते

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. यजमानपणात रांधणे आहे, वाढणे आहे, आणि माणसे ओळखून त्यांना सांभाळणे आहे. पहिली दोन कामे हॉटेलवर पूर्णपणे सोपवता येतात. तिसऱ्याचा काही भागच सोपवता येतो. सासऱ्यांना मधुमेह आहे, धाकट्या जावेचा आज उपास आहे, आत्याला नव्या कवळीमुळे कडक काही चावत नाही, दोन मावसभावांत बोलणे नाही आणि त्यांना समोरासमोर बसवू नये, हे कॅप्टनला कुठून कळणार? ज्या घरांत बोलावणारा ‘टेबल बुक केलंय, या सगळे’ एवढ्यावर थांबतो, तिथे हॉटेल कितीही मोठे असले तरी जेवण फसते. आजी-आजोबांची जेवायची वेळ साडेसातची आणि टेबल नऊचे, ही तर नेहमीची चूक. मेनू हाती आल्यावर सगळ्यांनी ‘काहीही चालेल’ म्हणणे ही दुसरी. तिथे यजमानाने पुढे होऊन निवडायलाच हवे. ते काम स्टुअर्डचे नाही. आणि एखाद्या वृद्ध माणसाला त्या सगळ्या थाटात साधा वरणभातच हवा असेल, तर संकोच न करता मागावा. मोठ्या हॉटेलात कर्मचाऱ्यांच्या जेवणासाठी डाळभात रोज शिजतो, आणि चांगले स्वयंपाकघर अशा मागणीला नाही म्हणत नाही.

भाड्याने घेतलेले यजमानपण नेहमी वरवरचेच असते, असा निष्कर्ष कोणी काढू नये. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला, तेव्हा ताजमध्ये जेवायला आलेल्या माणसांना तिथल्या स्टुअर्डनी, आचाऱ्यांनी, मॅनेजरांनी लपवले, धीर दिला, मागच्या वाटांनी बाहेर काढले. स्वयंपाकघरातल्या माणसांनी पाहुण्यांभोवती कडे केले आणि त्यांतले काही तिथेच मारले गेले. त्यांना पळून जाण्याच्या वाटा पाहुण्यांपेक्षा अधिक माहीत होत्या. पगारी माणसाच्या आदरातिथ्याला खोली नसते असे म्हणणाऱ्याने ही रात्र विसरू नये, आणि आपल्या टेबलाशी उभ्या असलेल्या मुलाशी किंवा मुलीशी बोलताना तर मुळीच विसरू नये. त्याचे नाव छातीवरच्या पट्टीवर लिहिलेले असते. ‘ए’, ‘शुक शुक’ करण्याऐवजी त्या नावाने हाक मारावी.

पुढचा प्रसंग ठरवताना वाचकांना एक विनंती आहे. हॉटेल निवडण्याआधी, ज्याचा प्रसंग आहे त्याला किंवा तिला विचारा. कुठे जायचे, किती वाजता, कोण कोण असावे, काय खायचे. मग हॉटेलला फोन करून माणसांची, पथ्यांची आणि वेळेची सगळी माहिती एकदाच नीट द्या, आणि बिल कोणापुढे ठेवायचे तेही सांगा. उत्तर ‘हॉटेल नको, घरीच जेवू’ असे आले तर घरीच करा. फक्त त्या दिवशी स्वयंपाक घरातल्या बाईच्या हाती देऊ नका, आणि तिला पहिल्या पंगतीला बसवा.